टार्गेट कंपनीचे, पेशा आपला

सरकारी नोकरभरतीची जाहिरात वर्षानुवर्षे निघत नाही. निघाली तर पेपर फुटतो, नाहीतर निकाल न्यायालयात अडकतो. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. अशा परिस्थितीत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्या आमच्या तरुणासमोर जे दार त्यातल्या त्यात उघडे असते, ते विक्रीचे. कोणी औषध कंपनीत एमआर होतो, कोणी साबण-बिस्किटांच्या डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन म्हणून दुकाने फिरतो. कोणी मोटारसायकलच्या शोरूममध्ये उभा राहतो, कोणी विमा विकतो, कोणी फ्लॅट दाखवतो. घरचे म्हणतात, ‘सध्या कर, सोबत परीक्षेचा अभ्यास चालू ठेव.’ हे ‘सध्या’ बघता बघता पंधरा वर्षांचे होते. या पंधरा वर्षांत पाच कंपन्या होतात, तीन धंदे बदलतात. चाळिशीला आल्यावर हातात काय राहते? जुन्या कंपन्यांची व्हिजिटिंग कार्डे आणि गुडघेदुखी.

हे असे होते, कारण आम्ही विक्रीला नोकरी समजतो, पेशा समजत नाही. वकिली हा पेशा आहे, डॉक्टरकी हा पेशा आहे, हे आम्हाला पटते. विक्रीचाही पेशा असतो. तो शिकावा लागतो, जपावा लागतो आणि एका उद्योगातून दुसऱ्या उद्योगात नेता येतो, ही गोष्ट आमच्या घरात कोणी सांगत नाही. सांगणार तरी कोण? आमच्या आजा-पणजाला विकण्याचाच अधिकार नव्हता. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्या हातचे दूध, तूप, मिठाई कोण घेणार? व्यापारी जातीतला मुलगा दहाव्या वर्षी बापाच्या गादीवर बसतो. उधारी कोणाला किती द्यायची, वसुलीला कोणत्या वारी जायचे, गिऱ्हाईक रागावले तर काय बोलायचे, हे तो शाळेत जाता-येता शिकतो. आमचा मुलगा हाच धडा बाविसाव्या वर्षी, पोटापाण्याच्या घाईत, मॅनेजरच्या शिव्या खात शिकतो. हा फरक बुद्धीचा नाही, संधीचा आहे. म्हणून हे ज्ञान समाजाने समाजाला दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाबासाहेबांचा अनुभव

या संदर्भात बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावा. १९१७ साली बडोद्याची नोकरी अपमानित होऊन सोडावी लागल्यावर बाबासाहेब मुंबईत आले. शिकवण्या केल्या, आणि शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस सल्ला देत होता. सल्ल्यात खोट नव्हती. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

यातून काय घ्यायचे? बाजारात फक्त माल विकला जात नाही, विश्वास विकला जातो. आणि हा विश्वास या देशात जात बघून दिला जातो. ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. २००७ साली डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या शिक्षणाचे, सारख्या लायकीचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले गेले. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या अर्जदाराच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली. अर्जाच्या पाकिटावरच जर हा फरक होत असेल, तर दुकानाच्या काउंटरवर ‘आडनाव काय म्हणालात?’ या प्रश्नाचा अर्थ आमच्या सेल्समनला वेगळा सांगायला नको.

आम्ही त्याला एवढेच सांगतो, नाव लपवू नका. विक्रेत्याचे भांडवल म्हणजे विश्वास. लपवलेले नाव उघड होते त्या दिवशी जातीचा प्रश्न बाजूला राहतो आणि ‘हा खोटे बोलला’ एवढेच शिल्लक उरते. वेळेवर जा, शब्द पाळा, चुकीचा माल स्वतः परत उचला. एखादा दुकानदार तरी दूर ठेवील. पण ज्याला माल वेळेवर पाहिजे, असा दुकानदार दोन-तीन फेऱ्यांत तुमचे काम ओळखतो. आणि जातीवरून व्यवहार तोडण्याची धमकी देऊन कोणी आर्थिक बहिष्कार घालत असेल, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार २६ जानेवारी २०१६ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे. तो सिद्ध करायला साक्षीदार आणि लेखी पुरावा लागतो. म्हणून असे काही घडले तर त्याच दिवशी तारीख-वार लिहून ठेवा.

आधी आपल्याच वस्तीत विकू नका

विमा, चिट फंड, ‘नेटवर्क’चा माल यांत शिरलेला तरुण पहिल्या महिन्यात कोणाकडे जातो? मामाकडे, मावशीकडे, विहाराच्या कमिटीतल्या काकांकडे. कंपनीचा मॅनेजरच त्याला वहीत शंभर नातेवाइकांची नावे लिहायला लावतो. व्यापारी समाजातल्या मुलाच्या शंभर नावांत पन्नास दुकानदार असतात. आमच्या मुलाच्या यादीत सफाई कामगार, रिक्षावाले, निवृत्त शिपाई, अंगणवाडी सेविका असतात. सहा महिन्यांत यादी संपते. पॉलिसीचा दुसरा हप्ता मामाला भरता येत नाही, पैसे बुडतात आणि घराघरांत अबोला धरला जातो. कंपनी नवा मुलगा आणि नवे शंभर नातेवाईक शोधते. वस्तीने पिढ्यान्पिढ्या एकमेकांवर टाकलेला विश्वास अशा रीतीने फुकट खर्च होतो.

ज्या योजनेत माल विकण्यापेक्षा नवे सभासद जोडण्याचे पैसे मिळतात, ती विक्री नव्हे. १९७८ च्या केंद्रीय कायद्याने अशा पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी आहे, आणि डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड पद्धत निषिद्ध ठरवली आहे. विम्यातही ‘पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा’ असे म्हणून कमिशनमधून सूट देणे विमा कायद्याच्या कलम ४१ खाली गुन्हा असून, त्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. टार्गेटच्या दडपणाखाली हे सर्रास केले जाते. अडकतो तो एजंट. नातेवाइकाला जरूर विका, पण त्याला त्या वस्तूची गरज असेल तेव्हाच. आणि पहिली दोन वर्षे तरी अनोळखी गिऱ्हाइकाकडे जाण्याची सवय लावा. पेशा तिथेच तयार होतो.

धंदा बदलताना काय सोबत न्यावे

विक्रीतला माणूस एकाच उद्योगात निवृत्त होईल, ते दिवस गेले. सरकारच्या किंवा नियामकाच्या एका आदेशाने अख्खा धंदा फिरतो. ऑगस्ट २००९ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडातला एंट्री लोड बंद केला आणि वितरकांच्या हातात येणारे सुरुवातीचे कमिशन गेले. सप्टेंबर २०१० मध्ये युलिप पॉलिसींचे नियम बदलले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आले आणि पुढच्या दोन वर्षांत एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्ससारख्या मोबाईल सेवा बंद पडल्या; त्यांची सिम कार्डे विकणाऱ्या पोरांना कोणी विचारले नाही. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या विक्रीसाठी नवी आचारसंहिता आली आणि डॉक्टरांना भेटवस्तू, सहली देण्यास मनाई झाली. ज्या एमआरला औषधाची माहिती होती तो टिकतो. ज्याला फक्त भेटवस्तू पोचवता येत होती त्याचे कठीण आहे.

म्हणून धंदा बदलण्याची तयारी ठेवावी, पण उडी शेजारच्या धंद्यात मारावी. औषधे विकणाऱ्याला डॉक्टर, केमिस्ट आणि हॉस्पिटलचे खरेदी खाते माहीत असते. तो तपासणी किट, शस्त्रक्रियेचे साहित्य, हॉस्पिटलची यंत्रे या बाजूला गेला तर त्याची जुनी ओळख कामाला येते. किराणा दुकाने फिरणाऱ्याला मार्ग, उधारी आणि स्टॉकिस्टचे गणित कळते. तो रंग, इलेक्ट्रिकल वस्तू, हार्डवेअरकडे वळू शकतो. बियाणे-खते विकणाऱ्याला हंगाम आणि शेतकऱ्याचा हातचा पैसा कळतो. त्याला ट्रॅक्टर, ठिबक, पंप जवळचे. पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून औषधातून फ्लॅटमध्ये आणि फ्लॅटमधून क्रेडिट कार्डात गेलेला माणूस दर वेळी शून्यापासून सुरुवात करतो आणि चाळिसाव्या वर्षीही नवशिक्याच्याच पगारावर असतो.

प्रत्येक धंद्याची चाल वेगळी असते, हेही समजून घेतले पाहिजे. बिस्किटाचा सौदा पाच मिनिटांत होतो आणि आठवड्याने पुन्हा होतो. हॉस्पिटलच्या यंत्राला सहा-आठ महिने लागतात. डॉक्टर, हिशेबनीस, ट्रस्टी सगळ्यांना पटवावे लागते. तिथे महिन्याच्या टार्गेटची घाई केली तर सौदा फिस्कटतो. विम्यात पॉलिसी विकण्यापेक्षा ती पाचव्या वर्षी चालू राहण्याला महत्त्व आहे. नव्या धंद्यात जाण्याआधी तिथला माल कसा फिरतो, पैसा किती दिवसांनी येतो आणि परत आलेला माल कोणाच्या गळ्यात पडतो, हे तीन प्रश्न तिथे काम करणाऱ्याला विचारावेत. पगाराचा प्रश्न त्यानंतर.

परीक्षा देण्याची आमच्या मुलांना सवय आहे. तिचा उपयोग इथेही होतो. विमा एजंटाची परीक्षा, म्युच्युअल फंड वितरकांसाठी एनआयएसएमची परीक्षा, आणि २०२३ पासून महारेराने घरांच्या एजंटांना बंधनकारक केलेले प्रशिक्षण व परीक्षा, ही प्रमाणपत्रे स्वतःच्या नावावर असतात. ती नव्या ठिकाणी सोबत येतात. त्याचबरोबर स्वतःची एक वही ठेवा. कोणत्या तालुक्यात बाजार कोणत्या वारी भरतो, कोणता मार्ग पावसाळ्यात बंद पडतो, कोणत्या अडचणीवर काय तोड निघाली, हे त्यात लिहा. ही तुमची विद्या आहे. कंपनीच्या संगणकातली गिऱ्हाइकांची यादी आणि दरपत्रक मात्र कंपनीचे आहे. ते उतरवून नेऊ नका. पुढे तेच तुमच्याविरुद्ध वापरले जाते.

कागद सांभाळा

आमच्या कचेरीत येणाऱ्या प्रकरणांत एक नमुना वारंवार दिसतो. महिनाअखेर येते, टार्गेट तीन लाखांचे, विक्री एक लाख ऐंशी हजारांची. एरिया मॅनेजरचा फोन येतो, ‘काहीही कर, माल टाक.’ मुलगा स्टॉकिस्टच्या पाया पडतो, ‘खपला नाही तर परत घेऊ.’ हे आश्वासन तोंडी असते. माल पडून राहतो, मुदत संपते, कंपनी परत घेत नाही. स्टॉकिस्ट मुलाची गाडी अडवतो. मुलगा राजीनामा देतो, तर कंपनी हिशेब अडकवते आणि नोकरीच्या वेळी घेतलेला सही केलेला कोरा चेक बँकेत टाकते. मग चेक परत गेल्याची नोटीस घेऊन बाप-लेक आमच्याकडे येतात.

याला उपाय कागद आहे. कोरा चेक देऊ नका. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, स्वखुशीने सही करून दिलेल्या कोऱ्या चेकलाही तो देण्यासाठीच दिला असे कायद्याचे गृहीतक लागू होते. ते खोडून काढण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो. नोटीस आलीच तर पंधरा दिवसांची मुदत असते, ती वाया घालवू नका. मूळ पदवी प्रमाणपत्र कंपनीकडे जमा करू नका. माल परत घेण्याचे आश्वासन मॅनेजरकडून ई-मेल किंवा मोबाईल संदेशावर घ्या. इन्सेंटिव्हची योजना लेखी मागा.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. विक्रीतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा झाला, तो आधी औषध उद्योगापुरता होता. २०११ च्या अधिसूचनेने साबण व सौंदर्यप्रसाधने, तयार कपडे, शीतपेये, बिस्किटे, मोटारी, इलेक्ट्रॉनिक्स, रंग अशा आणखी उद्योगांना तो लागू झाला. या कायद्याचे महत्त्व १९९४ साली कळले. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह हे औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या मूळ व्याख्येत बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तेव्हा ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७६ चा कायदा त्यांत सामावला गेला. औद्योगिक संबंध संहितेच्या ‘कामगार’ व्याख्येत विक्री कर्मचाऱ्यांचा आता थेट उल्लेख आहे. नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. राजीनामा दिला वा कामावरून काढले, तर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते केले पाहिजे. नोकरीवरून काढल्याचा वाद दोन वर्षांच्या आत नेला पाहिजे. या संहितांवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. पण जे हत्यार हातात आहे ते वापरायला शिकले पाहिजे.

दोन ठिकाणी सावध राहावे. पहिले, हुद्दा. व्यवस्थापकाचे काम करणारा किंवा देखरेखीचे काम करून महिना अठरा हजारांहून जास्त वेतन घेणारा या व्याख्येबाहेर जातो. म्हणून हाताखाली एकही माणूस नसलेल्याला ‘टेरिटरी मॅनेजर’ म्हटले जाते. न्यायालय नावाकडे बघत नाही, प्रत्यक्ष कामाकडे बघते. रोजच्या भेटींच्या अहवालांची प्रत तुमच्याजवळ असेल, तर तेच तुमचे काम सांगतात. दुसरे, पगाराची रचना. कमिशन वेतनाच्या व्याख्येत धरले जात नाही. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तरच वरचा भाग वेतनात येतो. मूळ वेतन कमी म्हणजे भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही कमी. कंपनी बदलली की पी.एफ. काढून मोटारसायकल घेण्याची घाई करू नका. खाते नव्या ठिकाणी वर्ग करा; पेन्शन योजनेच्या सभासदाला मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि दर वेळी पैसे काढणाऱ्याची ती कधीच भरत नाही.

‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे दुसऱ्या कंपनीत जाणार नाही’ असे लिहून घेतले म्हणून घाबरू नका. नोकरी संपल्यानंतर धंदा-व्यवसायाला बंदी घालणारा करार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ खाली निरर्थक ठरतो. नोकरीत असतानाचे बंधन आणि ठराविक मुदतीच्या सेवेचा बाँड मात्र वेगळा. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला आहे. सही करण्याआधी वाचा, न कळल्यास विचारा. आणि आमच्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे की २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि त्यासाठी कंपनीने दिलेले वाहनही ‘कामाचे ठिकाण’ आहे. डॉक्टरच्या केबिनमध्ये किंवा दौऱ्यावर घडलेला प्रकार ‘ऑफिसबाहेरचा’ म्हणून कंपनीला झटकता येत नाही.

विक्रेत्याकडून मालकाकडे

दहा-बारा वर्षे एका परिसरात विश्वासाने काम केलेल्या माणसाला माल, दर, गिऱ्हाईक आणि वसुली सारे माहीत असते. मग तो जन्मभर दुसऱ्याच्याच टार्गेटवर का पळतो? केंद्राच्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून जी खरेदी करायची, तिच्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा वाटा चार टक्के ठेवला आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या माणसालाही हा दर्जा आहे. सरकारी खरेदीचे जेम पोर्टल २०१६ पासून चालू आहे. या खरेदीत उतरायला नोंदणी, कागदपत्रे आणि माल वेळेवर पोचवण्याची ताकद लागते. आरक्षित चार टक्के कागदावर आहेत. ते घ्यायला विक्री येणारी माणसे आमच्यातूनच तयार झाली पाहिजेत.

एकट्याने हे होणार नाही. औषध व इतर क्षेत्रांतल्या विक्री प्रतिनिधींची एफएमआरएआय ही देशपातळीवरची संघटना आहे. आपापल्या शहरातल्या तिच्या शाखेत आमच्या मुलांनी सभासद व्हावे. फील्डवर एकटा फिरणारा माणूस कंपनीला सर्वांत सोपा असतो. दुसरे काम आमच्या विहारांचे आहे. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर तासभर त्या भागातल्या चार अनुभवी विक्रेत्यांनी नव्या मुलांसोबत बसावे. एकाने उधारी शिकवावी, एकाने डॉक्टरशी बोलायला शिकवावे, एखाद्या वकिलाने नेमणूकपत्र वाचून दाखवावे. याला ना देणगी लागते ना मंडप. जे ज्ञान दुसऱ्यांच्या मुलांना दुकानाच्या गादीवर मिळते, ते आमच्या मुलांना विहाराच्या सतरंजीवर मिळू शकते.

टार्गेट दर महिन्याच्या पहिल्या तारखेला शून्यावर येते. कमावलेली माहिती, जपलेला शब्द आणि सांभाळलेला कागद शून्यावर येत नाही. आमच्या तरुणांनी नोकरी कंपनीची करावी, पण पेशा स्वतःचा बांधावा.

जयभीम!